मढ श्रीमंत झालं का? सरासरीचा घोळ

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत.

वर्सोव्याहून फेरीबोट पकडली की खाडी ओलांडून काही मिनिटांत मढ. रस्त्याने जायचं तर मालाड, मार्वे, आक्सा, एरंगळ असा वीस किलोमीटरच्या वरचा वळसा. बोटीत कोण कोण असतं बघा. मासळीची टोपली घेतलेल्या मावशी, शूटिंगच्या कामाला निघालेली पोरं, सुट्टीसाठी बंगल्यावर चाललेले पाहुणे. गाव एक, पण उत्पन्नाचे मार्ग किती वेगळे! म्हणून "मढ आता श्रीमंत झालं असेल ना?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "मढ म्हणजे कोण?"

एक सोपं गणित करू. आकडे माझ्या मनाचे आहेत, समजण्यापुरते. एका वाडीत दहा घरं, प्रत्येकाची महिन्याची कमाई 20,000 रुपये. शेजारी दोन बंगले झाले, तिथल्यांची कमाई दोन-दोन लाख. आता बारा घरांची एकूण कमाई 6 लाख, म्हणजे सरासरी 50,000. कागदावर वाडीची कमाई अडीचपट झाली, आणि जुन्या दहा घरांत एक रुपयाही जास्त आला नाही. म्हणून सरासरीऐवजी मधला आकडा बघायचा. सगळी घरं कमाईप्रमाणे ओळीने उभी केली, तर मधोमध येणारं घर अजूनही 20,000 वरच आहे.

बरं, खरे आकडे जनगणनेत मिळतील? नाही. आपली जनगणना उत्पन्न विचारतच नाही. घर कसलं, टीव्ही-गाडी आहे का, काम काय, एवढंच विचारते. 2011 च्या जनगणनेत मढ पालिकेच्या पी/उत्तर विभागात होतं. त्या विभागाची लोकसंख्या नऊ लाखांहून जास्त, त्यात मालवणी आणि मालाडची दाट वस्तीही आली. त्या आकड्यात मढचा कोळीवाडा कुठे दिसणार?

त्यात कोळ्याची कमाई महिन्याच्या हिशेबात बसत नाही. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हंगामातही डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाऊन मग वाटे पडतात. जानेवारीत विचारलं तर एक उत्तर, जुलैत विचारलं तर दुसरंच. वर्षाचा हिशेब धरला तरच खरं चित्र दिसतं.

आणि घराचे वाढलेले भाव? ती मालमत्ता झाली, कमाई नव्हे. घर विकल्याशिवाय किंवा भाड्याने दिल्याशिवाय त्या भावावर चूल पेटत नाही. घर विकलं, की ते कुटुंब मढच्या मोजणीतूनच जातं. त्या जागी पैसेवाला आला, की आकडे पुन्हा सुधारलेले दिसतात!

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून ठरली आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य काम करणारे', त्याहून कमी तर 'सीमांतिक', अशी त्यात विभागणी असते. बोंबील वाळवणाऱ्या, जवळा निवडणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या बाईला "काय करता?" विचारलं, की पटकन उत्तर येतं, "घरीच असते." झालं! पहाटेपासून राबणारी बाई कागदावर बिनकामाची. बाहेरच्या राज्यांतून येऊन बोटीवरच राहणारे खलाशीही असेच सुटू शकतात.

वर्सोवा-मढ पुलाची योजना आहे. पूल झाला की जमिनीवरचा डोळा वाढणार. मासळी सुकवायची जागा, बोटी ओढायचा किनारा कुणासाठी राखायचा, हे ठरवताना "इथे मासेमारीवर जगणारे किती?" हा प्रश्न येणारच. तिथे आकडा कमी दिसला, तर कोळीवाड्याची बाजू लंगडी पडते.

म्हणून मढच्या मंडळींना एकच विनंती. गणनेवाला दारात आला की आई, आजी, काकी काय काम करतात ते नीट सांगा. "घरीच असते" म्हणू नका.

भेटू पुढच्या भागात.