मांगारायच्या डोंगरात पैसा कुठे लावावा

फ्लोरेस बेटावरच्या कामाविषयी या त्रैमासिकात चार ओळी छापून आल्यापासून हितचिंतकांकडून एकच विचारणा होते आहे. तिथे जमीन स्वस्त आहे म्हणतात, हवा थंड, कॉफी उत्तम होते. चौघांनी मिळून दोन-तीन एकर घेतली तर गावालाही हातभार लागेल आणि आपल्यालाही चार पैसे मिळतील, नाही का? विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. जमीन घेता येत नाही. आणि घेता आली असती तरी घेऊ नये, असे तिथे राहून माझे मत झाले आहे.

मांगाराय हा फ्लोरेसच्या पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. इंडोनेशिया मुस्लिमबहुल देश असला तरी या बेटावर बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. लाबुआन बाजो बंदरावरून वळणावळणाच्या रस्त्याने चार-साडेचार तासांत रुतेंग लागते, आणि त्याच्या पुढे आमचे गाव. उंची हजार मीटरच्या वर, त्यामुळे सूर्य मावळला की सगळे अंगावर लुंगीसारखे सारोंग लपेटून चुलीपाशी बसतात. भात, मका, अळकुड्या, घेवडा हे खाण्यापुरते. कॉफी, लवंग, व्हॅनिला विकण्यासाठी. प्रत्येक घरामागे एखादे तरी डुक्कर असते. तीच घरची शिल्लक. लग्न, मयत, मुलाची फी, यांतले काही आले की ती मोडायची.

आता कायदा. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 सालचा. पूर्ण मालकी हक्क, ज्याला तिकडे ‘हाक मिलिक’ म्हणतात, तो फक्त तिथल्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाच्या हाती मालकी जाईल असा व्यवहार केला, तर तो मुळातच रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढता येते, पण तिच्यासाठी दहा अब्ज रुपियांहून मोठी योजना दाखवावी लागते. म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. दोन-तीन एकरवाल्यांसाठी ती वाट नाही.

उरते ती आडवाट. एखाद्या गावकऱ्याच्या नावावर जमीन घ्यायची, पैसे आपले, आणि बाजूला एक कागद लिहून ठेवायचा. आपल्या पालघर-नंदुरबारच्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, तरी नोकराच्या नाहीतर गड्याच्या नावावर सातबारे चढलेले आपण पाहिले आहेत. असल्या व्यवहारात ज्याचे नाव वापरले जाते तो एकतर फसवला जातो किंवा फसवणूक करायला शिकतो. मिशनशी संबंधित माणसाने तिकडे नेऊन रुजवावे असे ते रोप नाही.

पण कायदा हे अर्धेच उत्तर. तिथली जमीन म्हणजे काय, हे कळले की विकत घेण्याचा विचारच थोडा विचित्र वाटू लागतो.

रुतेंगच्या पश्चिमेला चानचार नावाचे ठिकाण आहे. तिथल्या टेकडीवरून खाली पाहिले की भातखाचरे कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. पर्यटक फोटो काढून जातात. ते जाळे म्हणजे जमीन वाटपाची जुनी रीत आहे. अशा गोल सामूहिक शेताला ‘लिंगको’ म्हणतात. मधोमध एक खुंट रोवतात, ती जागा ‘लोदोक’. तिथून कडेच्या वर्तुळापर्यंत सरळ रेषा आखायच्या. प्रत्येक घराला पाचर मिळते, आणि पाचरेची रुंदी मध्यबिंदूपाशी बोटांनी मोजली जाते. मानाचे घर, मोठे घर असेल तर बोटे जास्त. नव्या जोडप्याला कमी. केंद्रापाशी एका बोटाचा फरक, कडेला जाईपर्यंत त्याचे वाफे होतात. हे वाटप करणारा वडीलधारा म्हणजे ‘तुआ तेनो’. वाटप तो करतो, मालक मात्र नसतो.

प्रत्येक लिंगको गावातल्या एका ढोलघराशी जोडलेला असतो. पूर्वजांचे ढोल जिथे टांगलेले असतात ते हे घर, ‘गेंदांग’. आत गेंदांग, बाहेर लिंगको, असे तिथे म्हणतात. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. बाहेरून आलेल्या माणसालाही जमीन मिळू शकते. त्याने कोंबडा आणि ताडी घेऊन वडिलांपुढे बसायचे आणि मागायचे. दिली तर ती कसायला दिली. मग पावसाच्या तोंडावरच्या बांधबंदिस्तीला, सणाला, मयताला त्याने हजर राहायचे. पैसे देऊन हजेरीतून सुटका नाही.

ही व्यवस्था मी गोडगुलाबी रंगवत नाही. मांगारायी रीत पितृवंशाची आहे. वाटपात मुलीचे बोट सहसा मोजले जात नाही, आणि वधूमूल्य म्हणजे ‘बेलिस’ फेडता फेडता तरुण मुलगे कालिमांतान किंवा मलेशियाच्या पामच्या मळ्यांत जातात. आपल्याकडे वीटभट्टीवर जातात तसेच. कोणाला हे पटो न पटो, पण जमीन विकून बेलिस फेडण्याचा मोह त्या रीतीमुळेच आजवर आवरला गेला आहे, एवढे खरे.

जमिनीला धक्का लागला की काय होते, हे मांगारायने पाहिले आहे. पूर्वेकडच्या कोलोल भागात लोकांच्या कित्येक पिढ्यांच्या कॉफीबागा सरकारी नोंदीत जंगल ठरल्या. प्रशासनाने झाडे तोडली, काहींना अटक झाली. त्यांच्या सुटकेसाठी लोक रुतेंगच्या पोलीस ठाण्यावर गेले आणि 10 मार्च 2004 रोजी तिथे गोळीबार झाला. सहा शेतकरी मेले. वनहक्कांसाठी आपल्याकडे 2006 चा कायदा आला. इंडोनेशियात 2013 साली घटना न्यायालयाने पारंपरिक समाजाचे जंगल हे सरकारी जंगल नव्हे असा निकाल दिला. निकाल कागदावरून डोंगरावर यायला किती वेळ लागतो, हे तिकडच्यांनाही आपल्याइतकेच ठाऊक आहे.

मग पैसा लावायचा कुठे? लावायला जागा आहे, आणि ती जमिनीखेरीज आहे.

पहिली जागा कॉफीच्या फळातच आहे. सुगी साधारण मे ते ऑगस्ट. त्याआधीचे महिने कडकीचे. त्या काळात व्यापारी गावात येतो, तांदूळ आणि रोख देतो आणि झाडावरचे हिरवे पीक पडेल भावाने बांधून ठेवतो. याला ‘इजोन’ म्हणतात. खावटीच्या दिवसांत आपल्याकडे सावकार जे करतो तेच. मग शेतकऱ्याला पिकायची वाट पाहणे परवडत नाही. लाल आणि हिरवी फळे एकदमच ओरबाडतो, रस्त्यावर ताडपत्री पसरून वाळवतो, धूळ आणि कोंबड्यांसकट. अशा मालाला भाव कसा मिळणार?

पिकलेले लाल फळ वेचले, त्याच दिवशी हातयंत्राने गर काढला, बी रात्रभर आंबवून धुतले आणि उंच मांडवावर ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवले, की तोच माल चांगल्या गिऱ्हाईकाकडे जातो. शेजारच्या बाजावा भागातल्या शेतकरी गटांनी हे करून दाखवले आणि त्यांच्या कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाच-सहा किलो फळातून एक किलो बी निघते, त्यामुळे वाहतूकही हलकी होते. यंत्र आणि मांडव यांचा खर्च दहा-पंधरा घरांच्या गटाला पेलतो. न पेलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सुगीआधीचे तीन महिने. घरात तांदूळ असेल तरच माणूस फळ लाल होऊ देतो. बाहेरची मदत द्यायची तर मी आधी या तीन महिन्यांसाठी देईन, यंत्रासाठी नंतर.

दुसरी जागा पतसंस्था. इंडोनेशियात पतपेढ्यांची चळवळ 1970 च्या सुमारास जेझुइट फादर कार्ल आल्ब्रेख्त यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि फ्लोरेसमध्ये ती खोल रुजली. मौमेरेकडच्या ‘ओबोर मास’ आणि ‘पिंटू आइर’ या आज मोठ्या संस्था आहेत. नियम साधा: आधी बचत, मग शिकवणी वर्ग, मग कर्ज. बाहेरून फुकट पैसा आला की कर्ज बुडवायला लोक शिकतात, हे तिथल्या धर्मगुरूंनी लवकर ओळखले. त्याच्या खालच्या पायरीला बायकांची ‘आरिसान’ आहे, म्हणजे आपली भिशी. चिठ्ठी निघते, चहा होतो, आणि कोणाच्या घरी काय अडले आहे हे बैठकीत आपोआप कळते.

तिसरी जागा मला सर्वांत आवडली. मूल कॉलेजला निघाले की घरचे ‘वुआत वाई’ करतात. पाठवणीचाच हा विधी. आप्त, गावकरी, शेजारच्या गावचे लोक येतात, डुक्कर कापतात, आणि प्रत्येकजण टेबलापाशी पाकीट देतो. वहीत नाव आणि रक्कम लिहिली जाते, आपल्याकडे आहेराची लिहितात तशी. एका रात्रीत पहिल्या वर्षाची फी उभी राहते. दुसऱ्याच्या मुलाच्या वेळी तेवढे किंवा थोडे अधिक परत करायचे. अलीकडे डुकरावर आणि ध्वनिक्षेपकावर जास्त आणि फीवर कमी खर्च होतो, अशी तक्रार शिक्षक करतात. ती खोटी नाही. तरी एका मुलीच्या नर्सिंगसाठी साठ घरांची नावे वहीत पाहिल्यावर मी तिथे शिष्यवृत्तीचा विषय काढला नाही. वही पुरेशी होती.

सरकारचा पैसाही येतो. 2014 च्या ग्राम कायद्याप्रमाणे 2015 पासून प्रत्येक गावाला थेट ‘दाना देसा’ मिळतो. देसा म्हणजे आपलाच ‘देश’ शब्द, अर्थ गाव. त्यांच्या भाषेत नफ्याला ‘लाबा’ म्हणजे लाभ, आणि उद्योगाला ‘उसाहा’, म्हणजे आपला उत्साह! आमच्या गावी तो निधी बराचसा सिमेंटच्या पायवाटांवर गेला. पेसा गावांच्या अबंध निधीचे आपल्याकडे काही ठिकाणी झाले तेच.

सध्या गावात चर्चा आहे ती जमिनीच्या प्रमाणपत्रांची. सरकारी मोजणी आली आहे, आणि लिंगकोची पाचर एकेकाच्या नावावर चढवता येईल असे सांगतात. तरुणांना प्रमाणपत्र हवे, कारण बँक त्यावर कर्ज देते. म्हातारे म्हणतात, नाव चढले की विकताही येते, आणि लाबुआन बाजोकडच्या किनाऱ्याला जमिनीचे काय भाव आले आहेत ते सर्वांना माहीत आहे. ढोलघरात दोन रात्री बैठक चालली. घरांच्या जागांची मोजणी करून घ्यायची, लिंगकोंची नाही, असे ठरले. मळ्यावर गेलेल्या मुलांची पाचर कोण कसणार, यावर मात्र एकमत झाले नाही. तो विषय त्यांनी सुगीनंतरच्या बैठकीवर ठेवला आहे.