दोन मैलांची जबाबदारी

‘अ‍ॅडॉप्ट-अ-हायवे’ ही महामार्गाच्या कडेचा कचरा उचलण्यासाठी सरकारी खाते आणि स्वयंसेवक यांनी मिळून चालवलेली योजना आहे. रस्त्याचा ठरावीक तुकडा एखादी संस्था, शाळा, प्रार्थनामंडळ किंवा कुटुंब दत्तक घेते आणि वर्षातून काही वेळा तो झाडून स्वच्छ करते. खाते त्यांना साधने आणि सुरक्षिततेचे धडे देते, गोळा झालेला कचरा उचलून नेते आणि त्या तुकड्याच्या सुरुवातीला दत्तक घेणाऱ्यांच्या नावाची पाटी लावते. १९८५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुरू झालेली ही योजना पुढे त्या देशात जवळजवळ सर्वत्र आणि देशाबाहेरही पोचली.

योजनेचे मूळ टायलर या पूर्व टेक्सासमधील शहरात आहे. राज्याच्या महामार्ग खात्यातील अभियंते जेम्स इव्हान्स गाडीने जात असताना पुढच्या पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यातून कचरा उडून रस्त्यावर पडताना त्यांना दिसला. तो उचलण्याचा भार शेवटी खात्यावरच येणार होता. त्या काळात रस्त्याकडेच्या सफाईवर टेक्सास राज्याचे वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर खर्च होत होते आणि आकडा चढताच होता. इव्हान्स यांनी गावातील संस्थांना रस्त्याचा एकेक भाग सांभाळण्याची विनंती केली, पण कोणी पुढे आले नाही. खात्याच्या टायलर विभागातील माहिती अधिकारी बिली ब्लॅक यांनी मग ही कल्पना हाती घेतली आणि तिला रीतसर योजनेचे रूप दिले. सफाई दर तीन महिन्यांनी व्हावी, स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळावे, त्यांच्या अंगावर चमकणारी जॅकेटे असावीत, हे सारे ब्लॅक यांनी ठरवले. टायलरच्या सिव्हिटन क्लबने ९ मार्च १९८५ रोजी ६९ क्रमांकाच्या महामार्गाचा दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपासचा पट्टा दत्तक घेतला. पहिला मान त्या क्लबचा.

नुसती विनंती फसली आणि बांधीव योजना चालली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रस्ता साफ करायला या, एवढेच सांगितले की माणसाला काम किती, कधीपर्यंत आणि धोका कुणाचा, हे कळत नाही. ब्लॅक यांच्या आखणीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती. टेक्सासमध्ये करार दोन वर्षांचा असतो, पट्टा साधारण दोन मैलांचा आणि सफाई वर्षातून चार वेळा. एवढे काम पंधरा-वीस माणसांच्या गटाला एका सकाळी आटोपता येते. मुदत संपली की करार पुन्हा करता येतो, नाहीतर पट्टा दुसऱ्या गटाकडे जातो.

सफाईचा दिवस असा असतो. गट उजेड पडल्यावर आणि हवा चांगली असेल तेव्हाच जमतो. गाड्या रस्त्यापासून दूर, एकाच बाजूला उभ्या केल्या जातात. सर्वांनी जॅकेट, हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट घातलेले असतात. शक्यतो एका वेळी एकच कड साफ केली जाते आणि चालताना तोंड समोरून येणाऱ्या वाहनांकडे ठेवले जाते. गवतात लाल मुंग्यांची वारुळे असतात, क्वचित सापही, म्हणून वाकण्यापूर्वी पाहायचे. काचेच्या बाटल्या, डबे, खाऊचे कागद, फुटलेल्या टायरच्या पट्ट्या पिशवीत जातात. सुया, गाडीच्या बॅटऱ्या, रसायनाचे डबे किंवा घट्ट झाकण लावलेले संशयास्पद भांडे यांना मात्र कोणी हात लावायचा नसतो. त्या वस्तूची जागा लक्षात ठेवून खात्याला कळवायचे. भरलेल्या पिशव्यांची तोंडे बांधून त्या रस्त्याकडेला रचून ठेवल्या जातात आणि खात्याची गाडी त्या घेऊन जाते.

हा शेवटचा टप्पा दिसायला किरकोळ, पण योजनेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. गोळा केलेला कचरा चार दिवस कडेलाच पडून राहिला, तर पिशव्या फाटतात, वारा सुटतो आणि स्वयंसेवकांची मेहनत मातीमोल होते. पुढच्या वेळी निम्मेच लोक येतात. खात्याने आपला शब्द पाळला, तरच लोक आपला पाळतात. वेळेचे गणितही दोघांना मिळून जुळवावे लागते. महामार्गाकडेचे गवत खाते यंत्राने कापते. त्याआधी कचरा उचललेला नसेल, तर एका बाटलीच्या शंभर चिंधड्या होतात आणि त्या वेचणे अशक्य होते. टेक्सासच्या रस्त्यांकडेला वसंतात ब्लूबॉनेटची निळी फुले बहरतात. रानफुलांची ही जोपासना खाते १९३०च्या दशकापासून करत आले आहे आणि ती कड स्वच्छ राहावी अशी तिथल्या लोकांची मनापासून इच्छा असते.

पाटीचा उपयोग दुहेरी आहे. काम करणाऱ्यांना ती चारचौघांत दिलेली शाबासकी असते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ती सांगते की हा कचरा आपल्यासारखीच माणसे वाकून उचलतात. पगारी सफाईमुळे रस्ता स्वच्छ होतो, पण कचरा टाकणाऱ्याच्या मनाला काही लागत नाही. शेजाऱ्याचे किंवा मुलांच्या शाळेचे नाव वाचून मात्र काच खाली करणारा हात थबकू शकतो.

तरीही उचलण्याने प्रश्न अर्धाच सुटतो, हे खात्याने ओळखले होते. त्याच सुमारास ‘डोन्ट मेस विथ टेक्सास’ ही मोहीम आखली गेली. रस्त्यावर कचरा फेकणाऱ्यांत तरुण पुरुषांचे प्रमाण मोठे असल्याचे पाहणीत दिसले होते आणि या वर्गाला उपदेशाचे वावडे होते. म्हणून जाहिरातसंस्थेने त्यांच्या प्रांताभिमानालाच हात घातला. टेक्सासच्या वाटेला जाऊ नका, असा दम देणारे हे वाक्य आधी गाड्यांच्या मागच्या स्टिकरांवर झळकले. १९८६च्या पहिल्या दिवशी, कॉटन बोल या फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात, गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांची दूरचित्रवाणी जाहिरात दाखवली गेली. १९९० पर्यंत राज्याच्या महामार्गांवरील कचरा सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. या घटीचे श्रेय मुख्यतः या मोहिमेला दिले जाते.

इतर राज्यांनी योजना उचलताना आपापले बदल केले. कॅलिफोर्नियाने ती १९८९ मध्ये सुरू केली. तिथे स्वतः काम करण्याऐवजी ठेकेदाराला पैसे देऊन पट्टा साफ करवून घेण्याची मुभा आहे. भरधाव वाहतुकीच्या शहरी मार्गांवर अननुभवी स्वयंसेवकांना उतरवणे धोक्याचे असल्याने तिथे हा मार्ग सोयीचा ठरतो. मात्र त्यात पाटी जाहिरातीच्या जवळ जाते आणि माणसांचा रस्त्याशी जडणारा संबंध पातळ होतो. जपानमध्ये तोकुशिमा प्रांतातील कामियामा या डोंगराळ गावाने १९९८ मध्ये ही पद्धत आणली आणि तिथून ती रस्त्यांबरोबर नद्या व उद्यानांपर्यंत गेली.

पाटी सरकारी असल्याने ती कुणाला द्यावी, हा वाद न्यायालयातही गेला. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने अनेक राज्यांत रस्ता दत्तक मागितला. टेक्सासने व्हायडर गावाजवळचा अर्ज नाकारला. तिथल्या सरकारी वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे देण्याची प्रक्रिया चालू होती आणि संघटनेची पाटी म्हणजे त्यांना धमकीच ठरली असती. १९९५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने राज्याचा नकार ग्राह्य धरला. मिसुरीत निकाल उलट लागला. केवळ मतांमुळे अर्ज नाकारता येणार नाही, असे तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. मिसुरीने त्या रस्त्याला नागरी हक्कांच्या लढ्यातील रोझा पार्क्स यांचे नाव दिले. संघटनेने कचरा कधी उचललाच नाही, म्हणून तिला योजनेतून वगळण्यात आले. कराराची साधी अटच तिथे सर्वांत भक्कम ठरली.

योजनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. टेक्सास राज्याकडे आज सुमारे ८०,००० मैलांचे रस्ते आहेत. त्यांतला थोडाच भाग स्वयंसेवकांच्या वाट्याला येतो, बाकीची सफाई खाते आणि ठेकेदारच करतात. वर्षातून चार फेऱ्यांमधल्या काळात कचरा साठत राहतो. सिगारेटची थोटके गवतात हाती लागत नाहीत आणि पावसाबरोबर चर, ओढे, नद्या असा प्रवास करत अखेर समुद्राला मिळतात. उघड्या हौद्यातला माल झाकणे, दंडाची अंमलबजावणी करणे, वेष्टनांचा वापर कमी करणे ही कामे कायद्याची आणि उद्योगांची आहेत. स्वयंसेवकांच्या पिशव्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्या आहेत म्हणून सरकारने सफाईचा खर्च आखडता घेणे हा तर त्यांच्यावर अन्यायच.

या मर्यादांसह योजना चार दशके टिकली, कारण तिने दोघांचीही कामे नेमकी वाटून दिली. ट्रक, प्रशिक्षण, कायदा आणि सातत्य सरकारकडे असते. रस्त्याच्या प्रत्येक वळणाची ओळख, मोकळी सकाळ आणि आपलेपणा लोकांकडे असतो. एकाने दुसऱ्याचे काम करायचा आग्रह धरला की काम थांबते. मोजता येईल एवढाच तुकडा, लेखी करार, वेळेवर येणारी गाडी आणि जाहीरपणे मानलेले आभार, एवढ्या चार गोष्टी जिथे जमवता येतील, तिथे रस्ता असो, नदीकाठ असो वा किनारा, ही पद्धत रुजू शकते.