कार्ड हरवलं, तर भुर्दंड कुणाला?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणींचा पगार बँकेतच जमा होतो. अशा वेळी एटीएम कार्ड वाटेत कुठं पडलं, तर 'सापडेल घरात' म्हणून थांबू नका. बऱ्याच कार्डांवर 5,000 रुपयांपर्यंतचं बिल पिन न टाकता, नुसतं कार्ड मशीनला टेकवून भरता येतं.

रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला याचे नियम केले. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही केले. त्यात पहिला प्रश्न असतो: बँकेला कळवलं कधी? पिन कार्डावर लिहिला किंवा कुणाला सांगितला असेल, तर कळवण्याआधी गेलेल्या पैशांचा भुर्दंड आपल्यालाच. कळवल्यानंतर गेलेले पैसे मात्र बँकेनं भरायचे. चूक आपली होती, हे सिद्ध करणंही बँकेचंच काम.

म्हणून बँकेचा टोल-फ्री नंबर आजच घरातल्या वहीत लिहा. कार्ड हरवताच फोन करून ते बंद करा. तक्रार क्रमांक, तारीख, वेळ टिपून ठेवा. पैसे गेले असतील, तर 1930 वरही तक्रार द्या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: नंबर लिहिलाय ना?