थंड एंजिन कां बंद पडतें?

थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे मोटार सुरू करावी, तिनें क्षणभर गुरगुरावें आणि पाय सैल सोडतांच स्तब्ध व्हावें, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. कल्याणच्या बाजार समितींत पालेभाजी न्यावयाची असतां अर्ध्या तासाचा खोळंबाही महाग पडतो; उशिरां पोंचलेला माल मिळेल त्या भावानें द्यावा लागतो.

ठाणें-कल्याणकडे हिंवाळा तो केवढा, अशी शंका कोणी घेईल. परंतु एंजिन अडण्यास बर्फ पडावा लागत नाहीं. चालत्या एंजिनांतील पाणी सुमारें ९० अंशांपर्यंत तापलेलें असतें. रात्रभर अंगणांत उभें राहिलेलें एंजिन पहाटेच्या हवेइतकेंच गार होतें. एंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों, पण वस्तुतः तें पेट्रोलच्या वाफेवर चालतें. तापलेल्या एंजिनास एक भाग पेट्रोलमागें वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें प्रमाण मानवतें. थंड धातूवर मात्र पेट्रोलचे थेंब चिकटून राहतात, वाफ कमी होते व मिश्रण पातळ पडतें. म्हणून आरंभीं पेट्रोल अधिक द्यावें लागतें. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हें काम चोकची झडप हवा अडवून करते. नव्या गाड्यांत पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर संगणकास खबर देतो, व त्याप्रमाणें पेट्रोलचा फवारा वाढतो. हा सेन्सर बिघडून थंड पाण्यास गरम म्हणूं लागला, तर नवी गाडीही अशीच बंद पडते.

दोष शोधतांना प्रथम लक्षण नीट ओळखावें. स्टार्टर मंद फिरत असेल व एंजिन पेटतच नसेल, तर बॅटरी पाहावी. परंतु एंजिन पेटून मग बंद पडत असेल व तापल्यावर बिनतक्रार चालत असेल, तर दोष बहुधा हवा-पेट्रोलच्या प्रमाणांत असतो. त्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहावे. टोक पांढरट असेल तर मिश्रण पातळ. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. मिश्रण पातळ आढळल्यास हवेच्या वाटेवरील रबरी नळ्या तपासाव्या. चिरांतून चोरटी हवा आंत शिरते. हवेच्या वाटेंत काजळी सांचली असेल तर ती साफ करावी. पावसाळ्यांत प्लगच्या तारांवर ओल धरते, तीही पुसून घ्यावी.

आमच्या जुन्या गाडीची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. दोन आठवडे ती रोज पहाटे बंद पडे. आम्हीं प्रथम बॅटरी बदलली, मग प्लग बदलले. दोन्ही खर्च व्यर्थ गेले. शेवटीं हवेच्या गाळणीचें झांकण उघडून मुलास चोकची मूठ ओढावयास सांगितलें. मूठ पुरती बाहेर आली, पण झडप अर्धीच मिटली! स्क्रू ढिला होऊन तार सरकली होती. तार ताणून स्क्रू आवळला, आणि दुसऱ्या दिवशीं गाडी पहिल्याच खेपेस चालू राहिली. जें काम स्क्रू-ड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांचें, त्यासाठीं आम्हीं बॅटरीची किंमत मोजली.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें आपल्याच उसापासून व धान्यापासून होतें, ही समाधानाची बाब. परंतु त्याची वाफ होण्यास उष्णता अधिक लागते, व त्यांत मूळचा प्राणवायु असल्यानें जुन्या कार्बुरेटरचें मिश्रण आणखी पातळ पडतें. तें पाणीही शोषून घेतें. यास्तव गाडी महिनोन्-महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवूं नये.

तपासणी नेहमीं उघड्यावर करावी. बंद गोठ्यांत किंवा छपरांत एंजिन चालविल्यास धुरांतील विषारी वायु वास न येतां प्राण घेतो.

सारांश, बैल बसला तर आपण आधीं त्याचे खूर पाहतों, लगेच नवा बैल आणीत नाहीं. यंत्राच्या बाबतींतही आधीं पाहावें, मग पैसे काढावे.