अन्नपचन, व्हेगस चेता आणि फवारणीचे विष

फवारणी करून घरी आलेल्या माणसाला मळमळते, तोंडातून लाळ गळते, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. घरचे म्हणतात, "ऊन लागले असेल" किंवा "काहीतरी खाण्यात आले." प्रत्यक्षात बिघाड अन्नात नसून, पोट चालविणाऱ्या चेतासंदेशात असू शकतो. हे समजण्यासाठी आधी निरोगी पोटाचा कारभार पाहू.

मेंदूच्या अगदी खालच्या, मज्जारज्जूला जोडलेल्या भागास लंबमज्जा म्हणतात. मेंदूच्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी दहावी जोडी, म्हणजे व्हेगस, येथून निघते आणि मान व छातीतून जठर, स्वादुपिंड व आतड्यांपर्यंत उतरते. तिचे सुमारे ८० टक्के तंतू अवयवांची खबर वर नेतात : जठर किती ताणले, आतड्यात काय उतरले. ती खबर घेऊन लंबमज्जा उरलेल्या तंतूंवाटे हुकूम पाठविते. मग जठर सैल होते, अन्न घुसळते, आम्ल स्रवते. स्वादुपिंड पाचकरस सोडते. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे चेताजाळे आहे. ते बरेचसे काम स्वतंत्रपणे करते, व्हेगस त्यावर देखरेख ठेवते.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्याने गिळलेला घास जठरात न जाऊ देता गळ्यातूनच बाहेर काढला. तरीही जठररस पाझरला. व्हेगस छेदल्यावर मात्र तो पाझरेना. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून, व्हेगसचा संदेश एका रसायनाद्वारे पोहोचतो हे दाखविले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

संदेश पोहोचला की एक विकर ॲसिटिलकोलीनचे लगेच विघटन करते. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके हे विकरच निकामी करतात. मग हुकूम थांबतच नाही. व्हेगसप्रमाणे इतर चेतांचेही तसेच होते. लाळ, उलटी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, आणि शेवटी छातीत स्राव भरून श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे वापरलेल्या औषधांत या गटातील औषधेही होती.

आपल्या जिल्ह्यातही शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीपासून राहुरी-संगमनेरच्या भाजीपाल्यापर्यंत फवारणी चालते, आणि पंप बहुधा मजुराच्याच पाठीवर असतो. म्हणून प्रत्येक घरात एवढे माहीत असावे : विष कातडीतूनही शरीरात जाते. त्रास सुरू होताच माणसाला शेताबाहेर आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. मदत करणाऱ्यानेही ते विष हाताला लागू देऊ नये. ओकारी काढायला लावू नये. १०८ क्रमांकास फोन करावा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी दवाखान्यात दाखवावी. ॲट्रोपिन हे औषध ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखते. ते वेळेवर मिळाले तर जीव वाचू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, चेतासंस्थेचा धडा परीक्षेपुरता ठेवू नका. तो घरी आई-वडिलांना समजावून सांगा. पुढच्या फवारणीआधी सांगा.