एक राहिली की दोनशे

मिठाची पिशवी घेऊन मालकांचा मुलगा निळ्या ड्रमकडे येताना दिसला, की मावशी उठतात. चिमटा बादलीच्या कडेला अडकवतात, पदराने कपाळ पुसतात आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, मोगऱ्याच्या रांगांकडे निघून जातात. गळ्यात तुळशीची माळ आहे. गोगलगाई वेचायचं काम त्यांचं, मीठ टाकायचं नाही. नर्सरीत हे कुणी बोलून ठरवलेलं नाही. मुलगा मीठ टाकतो, काठीने ढवळतो, झाकण लावतो. मग मावशी परत येतात आणि पुढच्या रांगेला लागतात.

पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी ते उरुळी कांचन हा पट्टा रोपवाटिकांचा. पुण्यातल्या गॅलऱ्या, गच्च्या, सोसायट्यांची आवारं इथल्या रोपांनी भरतात. पावसाळ्यात शेवंतीची रोपं घ्यायला मी तिथल्या एका नर्सरीत गेले होते, तेव्हा ड्रमजवळचा हा प्रकार पाहिला. रोपं घरी आली, पण तो प्रकार मनातून जाईना. कुंडीतल्या गोगलगाईंवर उपाय सांगणारे पैशाला पासरी भेटतात. तो उपाय रोज स्वतःच्या हातांनी करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पहाटे येऊ का, असं मालकांना विचारलं. ते म्हणाले, "या की. पण उजाडायच्या आत या. ऊन चढलं की एक दिसायची नाही."

अंधारात शेडनेटखाली शिरलं की आधी वास येतो. गुळाचा, पण आंबलेला. त्यात ओलं गोणपाट आणि भिजलेलं कोकोपीट. आदल्या संध्याकाळी गुळाच्या पाण्यात बुडवलेली गोणपाटं रांगांमधल्या पायवाटेवर अंथरून ठेवतात, जोडीला पपईची पानं आणि कोबीचा पाला टाकतात. आंबूस वासाला गोगलगाय लांबून येते. तिच्या डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीच्या टोकाला डोळे, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही. तिचा खरा भरवसा वासावर. तो वास माझ्याही कपड्यांना बसला आणि अजूनही गुळाची ढेप फोडताना मला ती शेड आठवते.

मावशींच्या कपाळाला बॅटरी, हातात रबरी मोजे आणि लांब चिमटा. गोणपाट त्या झटकन उचलत नाहीत, एका कडेने हळूहळू गुंडाळत जातात, कारण बऱ्याच जणी खालच्या बाजूला चिकटलेल्या असतात. पहिल्याच गोणपाटाखाली मोठ्या नऊ निघाल्या, बारक्या तर मोजण्यापलीकडच्या. बादलीत पडताना शंखाचा टक् असा आवाज होतो. त्या पहाटे तो आवाज एकदाही थांबला नाही.

"आता ह्या सोप्या," मावशी म्हणाल्या. "ह्या तर सोताच्या पायानं आल्या. न आलेल्या हुडकायच्या असत्यात. ताई, एक राह्यली की दोनशे झाल्या म्हना."

हा दोनशेचा आकडा त्या सारखा सांगतात. कुंडी उचलताना, मुलाला हाक मारताना, मला चहा देतानासुद्धा. तो ऐकीव असेल असं मला आधी वाटलं होतं. पण ही मोठी आफ्रिकन गोगलगाय, आपल्याकडे शेतकरी जिला शंखी गोगलगाय म्हणतात, एका खेपेला शंभर ते दोनशे अंडी सहज घालते, कधी त्याहून जास्त. वर्षात अशा अनेक खेपा होतात. नर-मादी असा भेद तिच्यात नाही. प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते, त्यामुळे प्रत्येकच अंडी घालू शकते. शिवाय एकदा मीलन झालं की दुसऱ्याचं बीज ती शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक महिने एकटीच्या बळावर अंडी घालत राहते. म्हणजे मागे एकच उरली तरी पुरते. मावशींचा हिशेब अक्षरशः खरा आहे.

त्यामुळे मावशींची नजर पानांवर फारशी नसतेच. पानाला वेडीवाकडी भोकं, त्याच्या आसपास वाळून चकाकणारा चिकट माग आणि दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, की हे अळीचं काम नाही एवढं त्यांना कळतं आणि त्या थेट कुंडीला हात घालतात. कुंडी तिरपी करायची, तळाच्या भोकात बॅटरी मारायची, कडेच्या आतल्या पट्टीवरून बोट फिरवायचं, कुंडीखालच्या जमिनीवरून चिमटा ओढायचा. एका कुंडीला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. शेडमध्ये अशा हजारो कुंड्या आणि पिशव्या आहेत.

पपईच्या पिशव्यांपाशी त्यांनी मला खाली बसवलं. बोटभर उंचीच्या रोपावर एक मोठी गोगलगाय चढली होती आणि तिच्या वजनाने रोप जमिनीला टेकलं होतं. बॅटरी जवळ नेली तशी वरची शिंगं आत गेली, तोंड मात्र थांबलं नाही. गोगलगाय पान चावत नाही, खरवडते. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात ओळीने असतात आणि ती जीभ पुढे-मागे होत राहते. आमच्या डोळ्यांसमोर कोवळा शेंडा गेला. "ह्याला आता फुटवा न्हाई," म्हणत मावशींनी गोगलगाय बादलीत टाकली आणि रोप उपटून बाजूला ठेवलं. त्यांना वाईट वाटलं ते रोपाचं. ते बी त्यांनीच लावलं होतं.

मग त्यांनी एक मोठी कुंडी आडवी केली आणि बोटाने माती सारली. भोकाशेजारी, मातीत दीडेक इंच आत, भिजलेल्या साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी, एकाला एक चिकटलेली. आठवडा-दोन आठवड्यांत ती फुटतात आणि पिल्लं आधी स्वतःचंच कवच खातात, कारण शंख वाढायला चुना लागतो. याच चुन्यासाठी मोठ्या गोगलगाई भिंतीचा रंगसुद्धा खरवडतात. मावशींनी अंडी खुरप्यावर घेतली आणि शेडबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पसरली. फोडली नाहीत.

"ऊन बघून घेतं त्यांचं," त्या म्हणाल्या.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. मॉरिशसमधून काही गोगलगाई विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने कोलकात्याला आणल्या आणि १८४७ साली तिथल्या एका बागेत सोडल्या. तिथून ती देशभर पसरली. पसरायला तिला पाय लागलेच नाहीत. माती, लाकूड, भाजी आणि सगळ्यात जास्त करून रोपांच्या कुंड्या तिला घेऊन फिरल्या. उन्हाळ्यात ती मातीत शिरते, शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून घेते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. मृगाचा पाऊस पडला की बाहेर. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत नुकतं उगवलेलं सोयाबीन तिने फस्त केलं आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. शेतकरी तेव्हा रात्री बॅटऱ्या घेऊन हेच करत होते, जे मावशी इथे करतात.

तिच्या जोडीला बिनशंखाची शेंबी असते. काळपट, चपटी, पाठीच्या मधोमध फिकट रेघ. ती कुंडीच्या तळाला अशी चिकटते, की ओल्या मातीचं ढेकूळच वाटावं. गुळाला ती शंखीइतकी भुलत नाही, असं मावशी सांगतात. तिला हुडकूनच काढावं लागतं.

मालकांच्या टेबलामागे वरच्या फळीवर मेटाल्डिहाइड या गोगलगाई मारायच्या विषारी पुडीचा डबा आहे. मी विचारलं तेव्हा त्यांनी तो खाली काढला नाही, नुसतं बोट दाखवलं. औषध काम करतं, यात शंका नाही. ते खाल्लं की गोगलगाय भसाभसा चिकट द्रव सोडते आणि कोरडी पडून मरते. पण हवा दमट असली, वरून पाऊस पडत राहिला, तर त्यातल्या काही सावरतात. आणि गोगलगाई येतात त्या पावसातच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हे आमिष कुत्र्यांनाही आवडतं आणि त्यांना जीवघेणं ठरतं. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ पासून बागेत आणि शेतात ते वापरायला बंदी आहे. ज्या घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर आहे, त्या घराच्या गॅलरीत ही पूड टाकायला सांगणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. त्यातल्या त्यात लोहाचं फॉस्फेट असलेल्या गोळ्या बऱ्याच सौम्य असतात, पण हाताने वेचणं त्यांनीही टळत नाही.

मग ते सगळे प्रसिद्ध घरगुती उपाय. अंड्यांची टरफलं, तांब्याची पट्टी, खडी. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये कुंड्यांत आणि वाफ्यांत लेट्यूस लावून हे अडथळे तपासले. अडथळा असलेल्या आणि नसलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक आढळला नाही. नर्सरीत चुन्याच्या फक्कीचा पट्टा शेडच्या कडेने मारलेला असतो. कोरडा असेपर्यंत तो चालतो, एक सर आली की संपला. मावशी तो ओलांडूनच आत येतात आणि त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत.

भारद्वाज मात्र येतो. कुंपणाच्या शेवरीतून उतरतो, शंखीला पकडतो आणि शंखातून ओढून खातो. मावशी त्याला हुसकत नाहीत आणि कुणाला हुसकू देत नाहीत. "त्यो आपल्याच कामाला हाय," एवढंच म्हणाल्या. त्याच्यासाठी तरी विषारी पूड नको, असं मला वाटतं.

मोज्यांबद्दल त्या कडक आहेत. नवीन आलेली एक मुलगी उघड्या हाताने उचलायला गेली, तर मावशी तिच्यावर खेकसल्या. कारण त्यांनी "घान असती" एवढंच सांगितलं, पण सवय अगदी बरोबर आहे. या गोगलगाईच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. म्हणून गोगलगाय फिरलेली पालेभाजी नीट धुवायची आणि शिजवूनच खायची, आणि लहान मुलांच्या हातात शंखी खेळायला द्यायची नाही.

साडेसातला दोन बादल्या भरल्या. हजेरी आठला लागते. वेचणीचं काम हजेरीच्या आधीचं, त्याचे वेगळे थोडे पैसे मिळतात. किती, ते मी लिहीत नाही, कारण मावशींनी लिहू नका म्हणून सांगितलं. कमी आहेत. रोपावर जी किंमत आपण देतो, त्यात माती, पिशवी, खत, भाडं सगळं धरलेलं असतं. रात्रभर खाल्लं न गेलेलं पान कुणाच्या नजरेमुळे वाचलं, ते मात्र कुठे धरलेलं नसतं.

मुलगा मिठाची पिशवी घेऊन आला. मावशी उठल्या. मीही त्यांच्याबरोबर मोगऱ्याकडे गेले आणि न राहवून विचारलंच. त्या जराही अवघडल्या नाहीत. "जीव हाय तो. पर रोपबी जीवच हाय. मी येचती, कारन येचावं लागतं. मीठ त्यो टाकतो. पालखीला जाती तवा मांगते माऊलीला, जे काय असंल ते बघ म्हनून." तुकोबांची पालखी याच रस्त्याने लोणी काळभोरहून उरुळी कांचनमार्गे यवतला जाते, नेमकी गोगलगाई बाहेर पडायच्या दिवसांत. मावशी त्या दिवशी वेचणी आटोपून रस्त्यावर जाऊन उभ्या राहतात.

ड्रममधलं पाणी नंतर नर्सरीतल्या मातीत टाकत नाहीत. मेलेल्या गोगलगाई लांब खड्ड्यात चुना टाकून पुरतात. मिठाने मुळं जळतात, म्हणून कुंडीत वरून मीठ भुरभुरणं हा सगळ्यात वाईट उपाय. मालकांच्या मते, गिऱ्हाइकांची निम्मी रोपं गोगलगाईने नाही, या मिठाने मरतात. निम्मी असतील की नाही ते सोडा, पण माझ्या ओळखीच्या दोन गच्च्यांवर हेच झालं आहे.

माझं मत आता पक्कं आहे. कुंड्यांपुरता विचार केला तर वेचणीला पर्याय नाही. पूड, पट्ट्या, टरफलं यांवर पैसे घालवण्याआधी पहाटेची पंधरा मिनिटं काढा आणि एक चिमटा हाती घ्या. रोप विकत घेताना दुकानातच कुंडी तिरपी करून तळाचं भोक आणि आतली कड बघा. नवीन कुंडी दोन-तीन आठवडे इतरांपासून लांब, स्टँडवर ठेवा, म्हणजे मातीत अंडी असली तरी पिल्लं तिथेच सापडतील. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला. सापडलेली गोगलगाय मोजे घालून उचला आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. आणि दया येऊन किंवा किळस येऊन ती जिवंत कंपाउंडपलीकडे फेकू नका. पलीकडेही कुणाची तरी रोपं असतात.