बिनकुलपाच्या गावाहून परतताना

लग्न झालेल्या बाईची मुक्कामाला जायची ठिकाणं ठरलेली असतात. दिवाळीला माहेर. नणंदेकडे वास्तुशांत, दिराकडे बारसं. नाहीतर दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी. पण काही कार्य नाही, कुणी आजारी नाही आणि तरीही नुसतं मैत्रिणीकडे दोन दिवस राहायला? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सहज विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, ''ताई, नणंदेच्या जावेकडे राहिले होते, ते धरायचं का?'' खूप हसलो. हात मात्र एकीचाही वर झाला नाही.

मी नुकतीच जाऊन आले, म्हणून तर विचारलं! माझी कॉलेजातली मैत्रीण शनिशिंगणापूरला दिलेली आहे. इतक्या वर्षांत भेटी झाल्या त्या कुणाच्या तरी लग्नात, मांडवात, उभ्या उभ्या. या वेळी ती फोनवर म्हणाली, ''देवाला येऊ नकोस, माझ्याकडे ये.''

जाणं आता सोपं झालंय हे खरं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे 'एवढे पैसे घालवून कशाला?' हा प्रश्न अर्धा तरी कमी झाला. नगरला (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) गाडी बदलायची, संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला उतरायचं आणि तिथून आत वळायचं. वाटेत उसाच्या रसाची दुकानं, लाकडी चरक आणि त्याभोवती गोल गोल फिरणारा बैल. मी दोन ग्लास प्यायले. मुलांना द्यायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, एकटीने दोन ग्लास!

शिंगणापूरची महती तुम्हाला ठाऊकच आहे. उघड्या चौथऱ्यावर उभी काळी शिळा, वर छप्पर नाही आणि गावातल्या घरांना दारं नाहीत. चोरी करणारा आंधळा होतो, अशी श्रद्धा. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिचा केवढा गाजावाजा झाला होता. २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. काळ बदललाच आहे. २०२५ मध्ये तर देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे उकळल्याचं प्रकरण गाजलं. अशा चोराला दाराचं काय!

मैत्रिणीच्या घराला चौकट आहे, दार नाही. पडदा आहे. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लावतात, बस्स. पहिल्या रात्री मी पर्स उशाखाली घेतली तशी ती हसायला लागली. नंतर अंधारात मी तिला विचारलं, ''नवी नवरी म्हणून आलीस तेव्हा कसं वाटलं गं?''

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''चोराची भीती कधीच वाटली नाही. पण दार नसलेल्या घरात रडायचं कुठे? मी आपली उसात जायचे.''

बिनदाराच्या गावावर मी कितीतरी लेख वाचलेत. त्यात हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

रविवारी पहाटे गर्दी व्हायच्या आत दर्शनाला गेलो. चौथऱ्यापाशी उभं राहिल्यावर आठवलंच. घरांना दारं नसलेल्या याच गावात ही एक जागा बायकांना बंद होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तर नंतर चौथरा दुधाने धुतला गेला. पुढे २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी तृप्ती देसाई आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या बायकांना पोलिसांनी सुप्याजवळच अडवलं. त्याच जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी अनिता शेटे यांच्या रूपाने पहिल्यांदा एक बाई आली होती, तरी चौथरा बंदच. 'मिळून साऱ्याजणी'च्या विद्या बाळ आणि अॅडव्होकेट नीलिमा वर्तक कोर्टात गेल्या. मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ पासून आहे, तो पाळायला लावा, असं उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ ला सरकारला सांगितलं आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थानने चौथरा सगळ्यांना खुला केला. विद्याताई २०२० मध्ये गेल्या. त्यांची आठवण मला त्या पहाटे फार आली.

''तू त्या पाडव्याला कुठे होतीस?'' मी मैत्रिणीला विचारलं.

''घरी, पुरण वाटत होते. टीव्हीवर बघितलं,'' ती म्हणाली. चौथरा तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

निघताना तिने ओटी भरली, पिशवीत बळेबळे कांदे कोंबले. मी म्हटलं, ''आता तू माझ्याकडे यायचं. तुला तर कुलूपसुद्धा लावायचं नाही!'' त्यावर ती म्हणाली, ''चोराला शनिदेव बघेल गं, पण गाईंना पाणी कोण दाखवेल?'' तिच्याकडे दोन गाई आहेत, सासरे झोपून आहेत, नवरा सकाळीच कामावर जातो. लग्नानंतर ती रात्रीची कुठे राहिली असेल तर माहेरी आणि दवाखान्यात.

शनीचं दर्शन घेऊन निघाल्यावर मागे वळून बघू नये म्हणतात. मी बघितलं. ती रस्त्यावर उभी होती, पदर डोक्यावर घेऊन.

परतीच्या एसटीत तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या घराला लॅच आहे, कडी आहे, बाहेरून ग्रिल आणि त्याला पुन्हा कुलूप. तरी निघायच्या आदल्या रात्री मी काय केलं होतं? दोन दिवसांची भाजी चिरून फ्रीजमध्ये, कणीक मळून, गॅसचा नंबर कॅलेंडरवर, पाणी कधी येतं तेही कॅलेंडरवर. तिच्याकडे दारं नाहीत, माझ्याकडे तीन तीन कुलपं, आणि दोघींच्याही घराचं खरं कुलूप म्हणजे आम्हीच!

घरी पोचले तेव्हा सगळं ठाकठीक होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. ह्यांनी कुकर लावला होता, मुलाने पाणी भरून ठेवलं होतं. तक्रारीला जागाच नव्हती. फक्त सासूबाई म्हणाल्या, ''आलीस? बरं झालं. दोन दिवस देवळातसुद्धा गेले नाही बघ. घर टाकून कशी जाणार?''

म्हणजे मी निघाले, तर कुलूप त्या झाल्या होत्या. घरात दोन पुरुष होते, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कांदे निवडता निवडता मी त्यांना विचारलं, ''आई, तुमची कुणी मैत्रीण आहे हो?''

त्यांना नावच आठवायला लागलं आधी. मग एकदम खुलल्या. शाळेतली, पैठणला दिलेली. दोघी मिळून चिंचा पाडायच्या. लग्नानंतर एकदाच भेट झाली, तीही कुणाच्या तरी दहाव्याला. नंबर शोधायला चार दिवस लागले. तिच्या सुनेने फोन उचलला आणि मग दोन म्हाताऱ्या इतकं मोठ्याने बोलल्या, की शेजारच्या काकू बघायला आल्या!

सासूबाईंना शहात्तरावं लागलंय. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, हे ऐकून त्यांनी आधार कार्ड काढून पिशवीत ठेवलंसुद्धा. पुढच्या शनिवारी मी त्यांना पैठणला सोडणार आणि तशीच पुढे शिंगणापूरला जाणार. मैत्रिणीच्या नवऱ्याशी फोनवर बोलले आहे. दोन दिवस गाई आणि वडील बघतो म्हणाला, पण जरा अडखळतच. ती मात्र पिशवी भरून तयार आहे. येताना पैठणहून सासूबाईंना घेऊन आम्ही तिघी परत येऊ. मुलाची शनिवारी परीक्षा आहे, ह्यांची ड्यूटी. घराला कुलूप लावून किल्ली काकूंकडे ठेवायची, असं ठरलंय.